यादीतलं माझं नाव

प्रिय ताडमाड,

अकरा वर्षांनी माझं पत्र बघून तू आधी पाकीट उलटसुलट करून पाहशील, अक्षर ओळखशील, आणि ते तसंच टेबलावर ठेवून चहा टाकायला जाशील. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. चहा पी आणि मगच वाच. फोनच करणार होते, दोनदा नंबर लावलाही. पण फोनवर तू गप्प बसशील आणि मी रडेन, म्हणजे दोघींचाही वेळ फुकट. शिवाय जे सांगायचंय ते मला एका दमात जमणार नाही. इतकी दमलेय की बुटाची नाडी सोडायला वाकले तरी पाच मिनिटं तशीच बसून राहते.

आधी बरी बातमी. वॉर्डाला रंग दिला, तुला आवडला नसता. वरच्या कपाटापर्यंत आता कुणाचाच हात पोचत नाही, म्हणून एक स्टूल आणलंय आणि त्याला सगळ्या तुझ्याच नावाने हाक मारतात. माझे गुडघे गेले. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. आणि माझ्या मुलीला, जिला तू आवारात सायकल शिकवलीस आणि जिने तुझ्याच पायावर चाक घातलं, तिला दोन मुलं आहेत. थोरला सहा वर्षांचा, धाकटी तीनची. आता तिसऱ्यांदा दिवस गेलेत आणि तिला ते मूल नकोय. येत्या गुरुवारी ती आपल्याच इस्पितळात येणार आहे.

लिहून टाकलं एकदाचं. आता तू हसणार नाहीस, हे मला माहीत आहे. हसली असतीस तर बरं वाटलं असतं.

तुला ती यादी आठवतेय ना? कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली. ज्यांचा धर्म किंवा मन गर्भपाताला परवानगी देत नाही, त्यांनी वर्षाच्या सुरुवातीला सही करायची, मग वर्षभर त्या खोलीत त्यांची ड्यूटी लागत नसे. पहिली सही माझीच असायची, तीही ठसठशीत. गुरुवारी मी चादर घालायचे, ट्रे लावायचे, बाईचं ब्लडप्रेशर घ्यायचे, तिला धरून दारापर्यंत आणायचे. उंबऱ्यापाशी तू तिचा हात माझ्या हातातून घ्यायचीस. वीस-पंचवीस मिनिटांनी तू तिला परत आणलंस की पुढचं पुन्हा मी बघायचे. एकोणीस वर्षं आपण हे केलं. पाप उंबऱ्याच्या पलीकडेच राहतं आणि मी अलीकडे आहे, अशी माझी पक्की समजूत होती. ट्रे मीच लावलाय, हे माझ्या कधी मनातच आलं नाही. एकदा तू म्हणाली होतीस, बुटके, तुझे हात स्वच्छ राहतात ते माझ्या हातांमुळे. मी चार दिवस तुझ्याशी बोलले नव्हते.

आणि तू काही माझ्याहून कमी देवभोळी नव्हतीस. दर आठवड्याच्या प्रार्थनेला माझ्याआधी पोचायचीस, मी घड्याळाकडे बघत असायचे तेव्हा तुझे डोळे मिटलेले असायचे. म्हणून तर त्या दिवशी सगळ्या हादरल्या. प्रवचनकारांनी पोटातल्या जिवाबद्दल सांगितलं, की तो देवाने दिलेला, आपण कोण तो परत पाठवणार. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि तू उभी राहिलीस. तू त्यांना खोटं पाडलं नाहीस. एवढंच म्हणालीस की मी दर गुरुवारी त्या खोलीत असते, तो जीव आहे हे मलाही वाटतं, पण टेबलावरची बाईसुद्धा देवानेच दिलेली आहे आणि तिच्याबद्दल आज कुणी एक शब्द बोललं नाही. बसलीस. पुढच्या आठवड्यात तुझ्या बाकावरच्या बायका एकेक करून उठल्या. कपडे शिवणारी उठली, शाळेतली बाई उठली. मग मी उठले. खिडकीतून वारा येतो, असं म्हणाले मी. खिडकी बंद होती, ताडमाड. तू तिच्याकडे बघितलंस आणि मग माझ्याकडे. महिन्याभरात तू बदली मागून घेतलीस. मी निरोप समारंभाला सुद्धा रजा टाकली. इतकी वर्षं नाकाने कांदे सोलत आले, पण त्या दिवसाची लाज माझ्या मनातून गेलेली नाही.

मुलीने मला रविवारी दुपारी सांगितलं. आम्ही दोघी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होतो. आठ आठवडे झालेत, म्हणाली, आणि धाकटीचा फ्रॉक नीट दुमडून ठेवला. मी जे ऐकत आले ते सगळं तिला ऐकवलं, अगदी प्रवचनकारांच्या आवाजात. शेवटी म्हणाले, मी वाढवते. तिने माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. धाकटी झाल्यावर तिची काय अवस्था झाली होती ते तुला कळायला मार्ग नाही. आठ महिने ती आमच्यात नव्हतीच. एकदा मी गेले तर बाळ बाहेर रडून रडून निळं पडलेलं आणि ही न्हाणीघरात कपड्यांसकट नळाखाली बसलेली, पाणी थंडगार. मला बघून म्हणाली, आई, हिला घेऊन जा, माझ्या हातून काहीतरी होईल. जावई लांबच्या फेऱ्यांवर ट्रक चालवतो, आठवड्यातून दोन दिवस घरी. तो म्हणतो, तिला जे झेपेल ते. ती म्हणते, मला पुन्हा तिथे जायचं नाहीये, या दोघांना आई लागते.

एक गोष्ट तुझ्यापाशी कबूल करते, दुसऱ्या कुणापाशी करणार नाही. सोनोग्राफीच्या दिवशी मी बाहेर बसून मनात म्हणत होते की बाळाचे ठोके न लागोत. म्हणजे मग नाइलाज होता असं सगळ्यांना सांगता येईल. ठोके ठणठणीत निघाले. देवाजवळ असलं काही मागणारी मी, आणि बाक बदलणारीही मीच. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

प्रवचनकारांकडेही गेले. फार थकलेत आता, खोकल्याने बोलवत नाही. त्यांनी साफ सांगितलं की हे पाप आहे आणि मी याला हो म्हणणार नाही. वाद घातला नाही, मीही नाही. मी उठले तर दारापर्यंत आले आणि विचारलं, त्या दिवशी पोरांना कोण बघणार? मी म्हटलं, बघू कुणीतरी. तर म्हणाले, आमच्या हिला पाठवतो, सकाळी आठला येईल. मी रस्त्यावर येऊन रडले. ज्याने मला ठणकावून नाही म्हटलं, त्याच माणसाने मुलांची सोय केली. याचा अर्थ काय लावायचा, मला समजत नाही, आणि समजून घेण्याचं त्राणही नाही.

मुलगी माझी परवानगी मागत नाही. तिचं ठरलंय. तिला फक्त मी आत पाहिजे, त्या खोलीत, तिच्या उशाशी. पण नातेवाइकांना दाराच्या आत सोडत नाहीत, हे तुला माहीत आहेच. आत जायचं तर ड्यूटीवरची नर्स म्हणूनच. मी मेट्रनकडे गेले. ती आठवते का, आपल्या हाताखाली शिकलेली, सलाइन लावताना डोळे मिटणारी? तीच आता मेट्रन आहे. मी म्हटलं, गुरुवारपुरतं माझं नाव यादीतून काढ. ती आदराने उठून उभी राहिली आणि म्हणाली, सिस्टर, एका पेशंटपुरतं काढता येत नाही. काढलं तर वर्षभरासाठी, सगळ्यांसाठी. मी चिडले. तिला जे बोलू नये ते बोलले. तिने ऐकून घेतलं.

चार दिवस मी स्वतःशी भांडत होते. माझं मत बदललेलं नाही, हे तुला स्पष्ट सांगते, उगाच तू जिंकलीस असं समजू नकोस. तो जीव आहे असं मला आजही वाटतं आणि गुरुवारी तिथे उभी असतानाही वाटेल. पण स्वतःच्या मुलीसाठी आत जायचं आणि दुसऱ्या कुणाच्या मुलीला दारापाशी सोडून परत फिरायचं, हे काही माझ्या गळी उतरेना. काल मी नाव काढलं. मेट्रनने कागद पुढे केला, मी सही केली. आता पुढच्या प्रत्येक गुरुवारी मी आत असणार.

तर आता पत्राचं कारण. माफी मागायची आहेच, ती मागते, पण तेवढ्यासाठी लिहायला मला अकरा वर्षांनीही धीर झाला नसता. या गुरुवारी चार जणी आहेत. माझी मुलगी तिसरी. पहिली एकोणीस वर्षांची आहे आणि तिच्या फॉर्मवर सोबत कोण येणार ती जागा कोरी आहे. औषधं, मशीन, किती रक्त जायला हवं आणि किती नको, ते मी सगळं नव्याने वाचून काढलंय. पण तू आत त्यांच्याशी काय बोलायचीस ते मला माहीत नाही. एकोणीस वर्षं तू त्यांना माझ्या हवाली केलंस आणि शुद्धीवर येऊन जवळजवळ प्रत्येक जण मला विचारायची, त्या उंच सिस्टर कुठे गेल्या? मी म्हणायचे, त्यांची ड्यूटी संपली. तुला कधी एकदाही सांगितलं नाही. जळत होते मी तुझ्यावर. आता हे वाचून हवी तेवढी रागाव, पण बुधवारच्या आत लिही, नाही तर फोन कर, मी रडणार नाही. माझ्या मुलीला काय म्हणायचं ते मला सुचेल. त्या पहिल्या मुलीला काय म्हणू, तेवढं सांग.

तुझीच, अजून तसं लिहायची मुभा असेल तर,
बुटकी