कंप्युटरला दाखवलेली चाल

जामनेर,
संक्रांतीनंतरचा गुरुवार, १९९७

ती. अक्कास,

धाकट्या अभिमनचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार (खरं तर वाकवत नाही, पण कागदावर वाकायला काय जातं). इकडे सर्व खुशाल. तुझा तिळगूळ पोचला. ज्या लाडवाने तुझ्या भावजयीचा, कमलचा दात हलला, तो बाजूला ठेवला आहे. दाजींचा खोकला आणि मुख्य म्हणजे तुझी तब्येत कशी आहे ते कळव, आणि खरं खरं कळव.

अक्का, बातमी ऐक. माझा डावा गुडघा कंप्युटरमध्ये आहे! नुसता फोटो नव्हे, आख्खा गुडघा. फिरवला तर फिरतो, वाकवला तर वाकतो (माझ्यापेक्षा बरा वाकतो). आपली पुष्पा कॉलेजात शिकवता शिकवता गुडघ्यांच्या झिजेवर प्रबंध लिहिते आहे ना, त्यासाठी. तिचं म्हणणं, प्रत्येकाचा गुडघा वेगळा, म्हणून ज्याचा त्याचा वेगळा तयार करायचा आणि चालताना भार नेमका कुठे पडतो ते त्यावर पाहायचं. नाशिकच्या मोठ्या मशीनवर माझ्या गुडघ्याचे काकडीच्या चकत्यांसारखे फोटो निघाले, ते तिने एकावर एक जोडले. मग जळगावला तिच्या प्रयोगशाळेत माझ्या पायांना पांढऱ्या टिकल्या चिकटवल्या. लग्नाचं शूटिंग करणारा तोताराम कॅमेरा घेऊन आला (मला म्हणाला, इकडे बघून हसा). पुष्पा म्हणाली, आबा, रोज चालता तसंच चाला.

आता तूच सांग, माझा जन्म बैलबाजारात गेला. गिऱ्हाईक बघत असताना जनावर लंगडू द्यायचं नाही, ही आपल्या नानांची शिकवण. आदल्या दिवशी कमलकडून लसणाचं तेल चोळून घेतलंच होतं. छाती काढली, श्वास धरला आणि नवरदेवासारखा चाललो.

झालं! कंप्युटर म्हणे, भार पडतो बाहेरच्या बाजूला. फोटो म्हणतात, गुडघा झिजलाय आतल्या बाजूला. पोरीला वाटलं आपलं सगळं गणितच चुकलं. मुंबईचे सर तपासायला यायचे होते आणि ही प्रबंध सोडायला निघाली. खोट माझ्या चालीत, हे मला ठाऊक होतं, पण कबूल करायची लाज वाटली.

वाचवलं तोतारामने. नवरी गाडीत बसून निघेपर्यंत कॅमेरा बंद करायचा नाही, अशी त्याच्या हाताला सवय. मी बाहेर पडलो तरी तो मागून घेतच राहिला होता. पुष्पाने कॅसेट पुढे चालवली, तर तिचा बाप कठडा धरून आडवा आडवा जिना उतरतोय. कॅसेट थांबवून ती माझ्याकडे वळली.

"आबा, तुम्ही मला बैल विकत होतात का?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुन्हा टिकल्या लावल्या आणि या खेपेला लेकीसमोर मनसोक्त लंगडलो. दुसऱ्या दिवशी पडद्यावर भाराचा लाल डाग उमटला, बरोबर आतल्या बाजूला, जिथे रोज कळ येते तिथेच. पुष्पा नाचली, मीही नाचलो असतो. इतकी वर्षं कुणाला न सांगितलेली कळ मी डोळ्यांनी पाहिली, अक्का. रडू आलं, पण आनंदाने.

तुझा,
अभिमन

ता. क. पुष्पाला आता एका बाईचा गुडघा हवा आहे. तुला विचारलं की दर वेळी तुझं एकच, "माले काय व्हयेल शे?" म्हणे काही झालेलंच नाही! दिवाळीत तुझ्या ओट्यावर मी डोळे मिटून पडलो होतो, झोपलो नव्हतो. धान्याच्या कोठीला धरून उठलीस, ते पाहिलंय.

पुन्हा ता. क. रविवारी भुसावळच्या गाडीने ये. जळगाव स्टेशनात पुलाच्या पायथ्याशी उभा राहीन. पायऱ्या आडवी उतर. सरळ उतरलीस, तर ओळख दाखवणार नाही.