खाप्याला जाण्याची पात्रता

१२ फेब्रुवारी १९७८, रविवार. दुपारी ३.१०

मी, शांतवन धोंडबा उमाळे, बी.कॉम., वय चोपन्न, राहणार प्रताप नगर, नागपूर, वाडी येथील एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामात हेडक्लार्क आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीचा गेली एकोणीस वर्षे मानद चिटणीस, आजपासून ही रोजनिशी ठेवीत आहे. उद्देश एकच: माझी आत्मिक वाढ होत आहे किंवा नाही, याचा पुराव्यानिशी निर्णय करणे. ही वही इतर कोणी वाचावयाची नाही.

निमित्त आजच्या प्रवचनाचे. लेंटचा, म्हणजे ईस्टरपूर्व उपवासकाळाचा, पहिला रविवार. पाळकसाहेब म्हणाले की, वाढ ज्याची होते त्याला ती दिसत नाही, घरच्यांना आणि शेजाऱ्यांना दिसते. विचार सुंदर. पद्धत म्हणून मात्र सदोष. शेजारी पक्षपाती असू शकतो. घरचे तर असतातच.

म्हणून तक्ता आखला. आत्म्याची नऊ फळे, नऊ रकाने: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, आत्मसंयमन. प्रत्येकी दहा गुण. सायंकाळी सहाला नोंद.

आजचे गुण: सर्वत्र आठ. सौम्यतेस नऊ. दहा देणे सौम्यतेला शोभले नसते.

१५ फेब्रुवारी, बुधवार

प्रयागबाई येऊन गेल्या. आमच्या मंडळीतील विधवा, माहेर खाप्याचे. त्यांनी सांगितले की, माझे वडील बंधू चंपतराव यांना खाप्यास आठ दिवसांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग गेले. बोलणे जड, पण समजते. वहिनी हयात नाहीत, मूलबाळ नाही. प्रयागबाई त्यांच्याकडेच राहणार आहेत. कपडे न्यायला आल्या होत्या.

जाताना म्हणाल्या, "भाऊ, ते रोज विचारून राहिले, शांत्या आला का म्हणून."

येथे वस्तुस्थिती नोंदविणे आवश्यक आहे. चंपतराव व मी यांच्यात अकरा वर्षे बोलणे नाही. सन १९६७ च्या वार्षिक सभेत मी हजेरीच्या नियमावलीचा मसुदा वाचीत असताना ते मागच्या बाकावरून मोठ्याने म्हणाले, "शांत्या, देव आला तरी तू आधी त्याची हजेरी घेशीन गा." सर्व मंडळी हसली. पाळकसाहेबही हसले. नियमावली मंजूर झाली, पण हसत मंजूर झाली.

मी खाप्याला जाणार, यात शंका नाही. परंतु मनात राग असताना आजाऱ्याच्या उशाशी बसणे हा ढोंगीपणा होईल. आधी क्षमा खरी झाली पाहिजे. खरी झाली हे कशावरून? तक्त्यावरून. निर्णय: सलग एकवीस दिवस कोणताही गुण सातच्या खाली न आल्यास खाप्याला प्रस्थान. आजपासून मोजणी. ७ मार्चला पूर्ण.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

जयवंता (माझी पत्नी) सकाळी चहा देताना म्हणाली, "मग कधी जाता?" मी योजना समजावून सांगितली. ती म्हणाली, "अवो, त्याईले झटका आला, तुम्ही काय परीक्षेले बसून राहिले?"

आवाज चढला. माझा. सहनशीलता ४.

मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

१९ फेब्रुवारी, रविवार

कारण शोधले. घसरण प्रत्येक वेळी खाप्याचा विषय निघाल्यावरच होते. उपाय उघड आहे. जयवंतेस सांगितले की, मी खाप्याला जावे अशी तिची इच्छा असेल तर तिने खाप्याचे नाव काढू नये.

ती "बरं" म्हणाली. आज्ञाधारकपणाचा रकाना नाही. असता तर तिला दहा दिले असते.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

घरात शांतता. गुण सातत्याने आठ. गोदामात बळीराम हमालाने पेट्या उलट्या रचल्या तरी मी एक शब्द बोललो नाही. केवळ लेखी मेमो दिला. ममता ९.

जयवंता दोन दिवस घरी नव्हती. स्वयंपाक झाकून ठेवलेला. कोठे गेली ते मी विचारले नाही, कारण उत्तर काय येईल ते ठाऊक होते आणि मोजणी धोक्यात आली असती. शेजारच्या यमुताईंनी कुंपणावरून विचारले, "भाऊजी, काहून एकटेच जेवून राहिले?" मी म्हणालो, "आत्मिक कारणास्तव." त्यांनी वरण आणून दिले.

५ मार्च, रविवार

चिटणीस या नात्याने हजेरीपट तपासला. नियम ७ नुसार सलग तीन रविवार गैरहजर राहणाऱ्या सभासदास आत्मिक स्थितीबाबत विचारणापत्र जाते. या खेपेस एकच नाव: प्रयागबाई.

त्या कोठे आहेत हे मला ठाऊक आहे. परंतु चिटणिसाला ठाऊक असणे निराळे आणि चंपतरावांच्या भावाला ठाऊक असणे निराळे. माझ्या नातलगाच्या सेवेत आहेत म्हणून सूट दिली, तर पक्षपात होईल. पत्र टाईप केले. "आपल्या आत्मिक जीवनात शिथिलता आली आहे काय, याचा खुलासा करावा."

पत्र जयवंतेच्या हाती दिले. ती तिकडे जातेच. तिने तेथेच उभ्याने वाचले. मग घडी घालून कमरेला खोचले. म्हणाली, "मी नेते. पण वाचून दाखवणार नाही. तुमचा भाऊ ऐकत राहतो तिथं."

विश्वासूपणा १०. पहिल्यांदाच.

७ मार्च, मंगळवार

पत्राचे उत्तर आले. प्रयागबाईंनी जयवंतेबरोबर तोंडी निरोप पाठविला: "भाऊले सांग, माझी शिथिलता लय वाढली. रोज दोन माणसाचे कपडे धुवून राहिले. नाव कापा म्हणा."

मी विचारले की, यातील विनोद वगळून खुलासा म्हणून काय नोंदवावे. जयवंता हसली नाही. खाप्याचे नाव न काढण्याची अट तिने तेथेच मोडली. म्हणाली, बाप्पांना (चंपतरावांना ती बाप्पा म्हणते) आता वाटी धरता येत नाही, पण डोके शाबूत आहे. रोज संध्याकाळी एस.टी.चा आवाज आला की दाराकडे पाहतात.

मी एकच प्रश्न केला, आणि तो रास्त होता: १९६७ मधील उद्गारांबद्दल त्यांनी काही खेद व्यक्त केला काय?

ती म्हणाली, "मी विचारलं होतं त्याईले. त्याईले आठवतच नाही."

आठवत नाही! अकरा वर्षे मी जे वाहिले ते त्यांना आठवत नाही. सहनशीलता ३, शांती २, प्रीती (वस्तुनिष्ठपणे) १. एक कप फुटला.

मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ८ ते २८ मार्च.

८ मार्च, बुधवार

फेरविचार. एकवीस दिवस ही संख्या मीच ठरविली होती. लेंटच्या कालमर्यादेत बसण्यासाठी ती सतरा करणे योग्य. शुक्रवारी, २४ मार्चला उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे). त्या दिवशी मोजणी पूर्ण, शनिवारी सकाळी प्रस्थान. जयवंतेस दिनांक लेखी दिला. तिने विचारले, "त्याईले सांगू? नक्की?" मी म्हणालो, माझा दिनांक कधी चुकला आहे काय?

ती लगेच पिशवी भरायला लागली.

१४ मार्च, मंगळवार

सर्व आठ. भावाशी काय बोलावयाचे याचा मसुदा केला. साडेतीन पाने. पहिल्या पानावर घटनाक्रम, दुसऱ्यावर माझी त्या वेळची मनःस्थिती, शेवटी क्षमा.

१९ मार्च, झावळ्यांचा रविवार

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी हात धरून बाजूला घेतले. चंपतराव कसे आहेत, विचारले. मी म्हणालो, शनिवारी जाणार आहे. ते म्हणाले, "आजच जा ना, शांतवन. मी जीपची सोय करतो." मी त्यांचे आभार मानून त्यांना त्यांच्याच प्रवचनाची आठवण करून दिली. तयारीशिवाय जाणे योग्य नव्हे. त्यांनी हात सोडला. बहुधा पटले.

२१ मार्च, मंगळवार. सायं. ६

विक्रमी दिवस. नऊही रकान्यांत नऊ. दुपारी अडीचच्या सुमारास तर गोदामात बसल्या बसल्या मन इतके स्वच्छ झाले की, चंपतरावांचा चेहरा आठवूनही राग आला नाही. लहानपणी कन्हानच्या पाण्यात त्यांनी मला खांद्यावर घेतले होते, तेवढेच आठवले. पेन खाली ठेवून काही वेळ तसाच बसलो. हेच ते लक्षण असावे. तीन दिवस टिकवणे एवढेच उरले.

२२ मार्च, बुधवार

जयवंता सकाळच्या गाडीने परतली. दारातच बसली. काल दुपारी त्यांना दुसरा झटका आला. वाचा गेली. माणूस ओळखतात की नाही, डॉक्टरला सांगता येत नाही.

मी वेळ विचारली. ती म्हणाली, अडीच-पावणेतीन.

त्याआधी काही बोलले होते काय, असे विचारले. ती म्हणाली, सकाळी पेज घेताना प्रयागबाईंना विचारीत होते, "शनिवारले किती दिवस राहिले वं?" त्यांनी चार बोटे दाखविली.

आज गुण दिले नाहीत. सहा वाजले होते. दिले नाहीत.

२४ मार्च १९७८, उत्तम शुक्रवार. खापा. सायं. ५.४०

काल गोदामात रजा मिळाली नाही, असे मी जयवंतेस सांगितले. खरे म्हणजे मागितली नाही. साडेतीन पानांचे आता काय करावे, ते कळत नव्हते.

आज उपासनेस गेलो नाही. एकोणीस वर्षांत प्रथम. जयवंतेसह सकाळच्या एस.टी.ने सावनेर, तेथून खापा.

दादा खाटेवर आहेत. फार लहान झाले आहेत. मी खाली बसलो, पाने काढली, "सन १९६७" एवढे वाचले. पुढे वाचता आले नाही. पाने खिशात ठेवली. म्हणालो, "दादा, मी आलो." नंतर म्हणालो, "दादा, माझं चुकलं." हे वाक्य मसुद्यात नव्हते.

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. दाराकडे पाहत होते. प्रयागबाई त्यांच्या कानाशी वाकून ओरडल्या, "बाप्पा, आला न शांत्या! हा बसला इथं! इकडं पाहा!" त्यांनी मान वळविली नाही. प्रयागबाई पदराने डोळे पुसत मला म्हणाल्या, "एक दिवस आधीच आले भाऊ तुम्ही. ते शनिवारची वाट पाहून राहिले." त्यांचा टोमणा होता की माझी समजूत घालीत होत्या, ते कळले नाही.

पावणेपाचला एस.टी. आल्याचा आवाज झाला. दादांच्या डाव्या हाताची बोटे चादरीवर हलली. नजर दारावरच.

तेव्हा मी खाटेजवळून उठलो आणि दारात जाऊन उभा राहिलो. ते पाहतात तेथे. जयवंता म्हणाली, बसा आता. प्रयागबाईंनी स्टूल आणून दिले. बसल्यास मी त्यांच्या नजरेच्या टप्प्याखाली जातो, म्हणून बसलो नाही. हे दारात उभ्यानेच लिहीत आहे.

शांतवन धोंडबा उमाळे
खापा, २४ मार्च १९७८