बाबांची सभा विहिरीवर

१२ एप्रिल, रविवार
बाबांची खाट आज देऊन टाकली. ती हॉस्पिटलसारखी, डोक्याकडून वर उचलणारी. माझा भाऊ सुनील टेम्पो घेऊन आला, माणसांनी उचलली, गेली. ओटीवर पायांचे गोल डाग राहिले. आई फडकं घेऊन पुसायला बसली आणि मध्येच उठली. "राहू दे. चहा टाक."

पक्षाघातानंतर बाबा दोन वर्षं त्या खाटेवर. वाचा गेलेली. मी शिकवते ती शाळा सुटली की भिवंडीतून रिक्षाने शेलारला यायचं, कुशीवर वळवायचं, पाठीला पावडर, पेज भरवायची, परत घरी. होळीनंतर गेले. दिवसकार्य वगैरे सगळं झालं.

आज दुपारी आईशेजारी आडवी झाले ती पार उन्हं उतरेपर्यंत झोपले. उठल्यावर हलकं वाटलं. असं वाटणं बरोबर का, कुणाला विचारणार. इथेच लिहून ठेवते. हलकं वाटलं.

१५ एप्रिल
सुनीलचा फोन. शोकसभा घेऊ म्हणतो. भिवंडीत हॉल, दोन-चार पुढारी, भाषणं, बाहेर फ्लेक्स. वडपे-शेलारच्या गोदामांना तो कामगार पुरवतो, त्यामुळे ओळखी बऱ्याच. फ्लेक्सचं डिझाईन पाठवलंय. बाबा कोटात. कोट फोटो स्टुडिओचा असणार.

"या कोटात त्यांना ओळखणार कोण?"
"मग काय पंच्यातला फोटो लावू?"

तोंडातून निघून गेलं, मे महिन्यात विहिरीवर करू.

परीक्षा संपल्या की पाऊस येईपर्यंत बाबा रोज सकाळी विहिरीवर. शेलारची निम्मी माणसं त्यांनी पोहायला शिकवली असतील. पाठीला पत्र्याचा डबा, कमरेला दोर, दोराचं टोक बाबांच्या हातात. पोहून झालं की सगळ्यांना ताडगोळे. पांढऱ्या कपड्यातल्या, हॉलमध्ये पंख्याखाली बसलेल्या लोकांशी त्या माणसाचं काय नातं?

सु. म्हणाला, "ताई, ती जमीन आता गोदामवाल्यांची. विहीर कंपाउंडच्या आत आहे. आणि लोक म्हणतील, बापाच्या दुखवट्यात पिकनिक काढली."

लोकांचं खरंय. म्हणतील.

१९ एप्रिल, रविवार
आईला सांगितलं. आंबोशीसाठी कैऱ्या चिरत होती.
"तुझ्या बापसाला उन्हालाच आवडायचा. पावसाला शिव्या घालायचा."
"मग करू?"
"सुनील न्हाय म्हनतो ना."
"तुझं काय म्हणणं?"

पुरी कैरी चिरून झाली तेव्हा बोलली. "हॉलात मना खुर्चीवर बसवतील. समोर फोटू. येनारा येईल, हात जोडील, जाईल. मना ते नको. दोन वर्सं घरात येनारा परत्येक मानूस मना तसाच बघत होता."

पुढे काही विचारलं नाही. एवढं पुरे.

२२ एप्रिल
शाळेतून येताना निजामपुऱ्यात युसुफभाईंकडे गेले. त्यांचे लूम आहेत तिथे. लहानपणी शहरातून सायकल मारत शेलारला पोहायला यायचे. बाहेर येऊन बोलले, आत खडखडाटात काही ऐकू येत नाही.

"हॉलमध्ये केलंस तर मी येईन, मागच्या खुर्चीवर बसेन, जाईन. विहिरीवर केलंस तर मुलं, नातवंडं, सगळ्यांना घेऊन येईन."

मग त्यांची गोष्ट. बाबांनी दोर सोडल्याचं त्यांना सांगितलंच नव्हतं. ते पलीकडच्या कडेला पोहोचले, मागे वळून बघतात तर दोर बाबांच्या खांद्यावर गुंडाळलेला. "मी रडायला लागलो, सुरेखा. काका म्हणाले, आता रडून काय उपयोग, पोचलास की."

हसले, चष्मा पुसला. म्हणाले, सुनीलशी मी बोलतो.

२६ एप्रिल
सु. भडकलाय. "गावभर विचारत फिरतेस." मग हळूहळू खरं कारण बाहेर आलं. परवानगी मागायची ती त्याच मॅनेजरकडे, ज्याच्या गोदामात त्याची माणसं कामाला. "नाही म्हणाला तर उद्या त्याच्याच समोर उभं राहायचंय मला."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी म्हटलं, मी जाते, मला काही त्याच्याशी धंदा करायचा नाही.
"तू कशाला? मी बघतो."
फोन ठेवला. बघतो म्हणजे काय, कळलं नाही. रागातच होता.

३० एप्रिल
मिळाली.

स्टाफरूममध्ये होते, सु.चा फोन. मॅनेजर म्हणाला, "संडे को गाड़ी कम है, सुबह कर लो. लेकिन पानी में कोई गया तो ज़िम्मेदारी किसकी?" सु. म्हणाला, "मेरी." सांगताना हसत होता. मी हातातल्या वहीच्या मागे लिहून घेतलं.

अटी: पोहता येणाऱ्यांनीच उतरायचं, जेवणाआधी आवरायचं, गोदामाकडे पोरं फिरकता कामा नयेत. ठीक. सगळं ठीक.

३ मे, रविवार
विहीर बघून आलो, मी नि सु. लोखंडी जाळी, त्यावर पॅकिंगचा कचरा, कबुतरं. सु.च्या माणसांनी जाळी उचलली, पंप लावला, घाण काढली. दुपारपर्यंत पायऱ्या दिसायला लागल्या. खालून झरा अजून चालू आहे. तांब्याभर पाणी काढून सु.ने वास घेतला, तोंडावर मारलं.
"थंड आहे गं."
लहान असताना असाच बोलायचा.

५ मे
निरोप पाठवले फोनवर. पांढरे कपडे नकोत, ज्यांना येतं त्यांनी टॉवेल आणावा.

बाबांच्या बहिणीचा, आत्याचा, लगेच फोन. "टावेल? मयताच्या कामाला टावेल?" समजावलं. पटलं नाही. येणार न्हाय म्हणाली.

पन्हं आईचं. ताडगोळे सु. आणणार. करवंदं, जांभळं मिळतील तशी. भाषण एकही नाही. ज्याला बाबांचं काही सांगायचंय त्याने पायरीवर बसून सांगावं. युसुफभाईंनी घरातून एक जुना फोटो शोधून दिला. ओले केस, उन्हाने बारीक केलेले डोळे, हातात दोर. सु. बघतच राहिला.
"हाच लावू."
कोटाचं परत बोलला नाही.

१० मे, रविवार
दमलेय. तरी लिहिते, नाहीतर निसटेल.

किती माणसं आली. टकलं पडलेले, पोटं सुटलेले बाप्ये, एकेकाळी बाबांच्या दोराला लोंबलेले. टॉवेल खांद्यावर, चेहरे मात्र मयताचे. काय करावं कुणाला कळेना. फोटोला हार घातला, नुसते उभे. मला वाटलं चुकलंच, सुनीलचं ऐकायला हवं होतं. मग युसुफभाई पायरीवर बसले, दोराची गोष्ट सांगितली. एकजण हसला. दुसऱ्याने त्याची सांगितली, बाबांनी त्याला मागून ढकललं तेव्हाची. तिसरा म्हणाला, मला पण ढकललं. आणि त्यातल्याच कुणीतरी शर्ट काढला नि धप्पकन उडी. मग काय, एकामागून एक.

आत्याही आली, येणार नाही म्हणून सांगितलेली. भिंतीच्या सावलीत ताडगोळा सोलत बसली, कपाळाला आठ्या.

आई वरच्या पायरीवर. निळं लुगडं. मला म्हणाली, "पदर खोच जरा मागून." मला वाटलं खाली जाऊन पाण्यात फुलं सोडणार. ती एकेक पायरी उतरत गेली. पाणी गुडघ्याला, कमरेला. आणि पुढे झुकली, गेली.

सु.ने काठावरून तशीच उडी घेतली, बूट, पँट, खिशात फोन, सगळ्यासकट. तो वर येऊन बघतो तर आई विहिरीच्या मधोमध उताणी. डोळे मिटलेले, तोंडावर ऊन, लुगडं भोवती पसरलेलं.

"तू कनाला उडी मारलीस? बुटं तरी काढायचीस."

विहीर हसली अख्खी. सु. पायरीला धरून, तोंड ओलं, रडत होता की पाणी, काय माहीत. बाकीचे सगळे पोहणारे कडेला सरकले. तिला मधली जागा दिली.

घरी केस पुसताना मी विचारलं. लग्न झालं त्याच उन्हाळ्यात बाबांनी शिकवलं म्हणे. भर दुपारी, गाव झोपलेलं असताना. मग आम्ही झालो, राहून गेलं.
"आम्हाला कधी बोलली नाहीस."
"काय बोलायचं? ते आमचं होतं."

जेवली आज पोटभर. दोन वर्षांत पहिल्यांदा भात परत मागून घेतला.

१२ मे
गावात चर्चा. नवरा जाऊन दोन महिने नाहीत तर बाई पोहते. आईच्या कानावर गेलं. "बोलू दे. कान सुकले माझे, अंग न्हाय सुकलं अजून." स्वतःच हसली.

सु.चा फोन गेला तो गेलाच. चिडलेला नाही. आज उगाच येऊन ओटीवर बसून गेला. कामाचं काही बोलला नाही, आंबा खाल्ला.

रात्रीचं दचकून उठणं थांबलंय माझं. बाबांना वळवायचं राहिलं, असं वाटून उठायचे.

१७ मे, रविवार
कुणीतरी काढलेला आईचा व्हिडिओ फिरत फिरत गोदामवाल्यांच्या मोठ्या ऑफिसात पोचला. मॅनेजरने सु.ला सांगितलं, साहेब विहिरीवर स्लॅब टाका म्हणतायत, कटकट नको. सु. उद्या जाणार भेटायला, युसुफभाईंना घेऊन. काय होईल सांगता येत नाही. साहेब मराठी की कुठला, तेही माहीत नाही.

इकडे आत्याची सून काल आईकडे आली. म्हणाली, मला पोहायला शिकवाल का. बरोबर शेजारच्या दोघी, दारातच उभ्या. आत्याने पाठवलं का लपून आल्या, आईने विचारलं नाही. "या," म्हणाली. कुठे या, ते तीही बोलली नाही.

मग मला हळूच, "लुगडं पान्यात जड होतं गं. भिवंडीत पोहायचा ड्रेस मिलतो का? बाह्या लांब पायजेत."

बाजारात गेले संध्याकाळी. दुकानदाराने विचारलं मुलीला हवाय का. आईला, म्हटलं. त्याने एकदा बघितलं, मग वरचे खोके उतरवले. निळा होता आणि एक जांभळा. आईला कुठला आवडेल समजेना. दोन्ही आणलेत. नको तो बदलून देतो म्हणाला.