वर्लाबाई पुन्हा विसरल्या

शिकागो, ६ ऑक्टोबर १९५८

बाई पुन्हा विसरल्या! ऑपेराचा शेवटचा अंक, ऐन मरण्याच्या आधी — हात छातीशी, डोळे आभाळाकडे, आणि मग हळूच माझ्याकडे. म्हणजे मंचाच्या पुढच्या कडेला जे भोक आहे, तिकडे. तिथे मी, प्रॉम्प्टर एमिल व्हर्बा, गुडघे पोटाशी घेऊन बसतो. शब्द पुरवला. बाई थाटात मेल्या.

नंतर म्हणतात, "अहो एमिल, तुम्ही नसता तर आज मला मरताच आलं नसतं!"

९ ऑक्टोबर

मॅनेजर टकरसाहेब म्हणाले, "तुमचं भोक गेल्याच वर्षी बुजवणार होतो. सगळ्यांना पाठ असतं हो. पण तुमची ती वर्ला!"

थोडक्यात, बाईंच्या विसरभोळेपणावर माझी चूल पेटते.

१४ ऑक्टोबर

वर्ला मूळची नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतातली पोर. सहा वर्षांपूर्वी पहिल्याच प्रयोगात दातखीळ बसली होती. अख्खा अंक मी घास भरवावा तसा भरवला. आता नाव झालं, मफलर रेशमी झाला — डोकं मात्र चाळणीच! आज तर 'प्रेम' हा शब्द विसरली!

१७ ऑक्टोबर

पेपरात आलंय : 'आवाज सोन्याचा, पण बाई प्रेक्षकांपेक्षा स्वतःच्या बुटांकडेच जास्त बघतात.'

हसलो — बुटांकडे कुठे, माझ्या भोकाकडे! मग हसू गेलं. पुढच्या शनिवारी न्यूयॉर्कच्या ऑपेराची मंडळी तिला पारखायला येणार आहेत.

२१ ऑक्टोबर

तालमीला पियानो वाजवते ती ओटिली आज कॉफी पिताना हसत सुटली. "विसरते? वर्ला? अहो, तालमीत डोळे मिटून सगळे अंक गाते. स्वतःचे शब्दच नाही, इतरांचेसुद्धा!"

तडक बाईंच्या खोलीत गेलो. "कधीपासून चाललंय हे?"

मफलर सोडता सोडता म्हणाली, "टकरसाहेब भोक बुजवायचं बोलले, तेव्हापासून."

"आणि न्यूयॉर्क?"

"न्यूयॉर्क कुठे पळून जातंय? तुम्हाला पेन्शनला दोन वर्षं आहेत ना अजून?"

असा चिडलो! "अगं, पण 'प्रेम' कुणी विसरतं का, गाढवे?"

"घाईत तेच सुचलं हो."

जिन्यात येऊन नाक पुसलं. सर्दी असावी.

२४ ऑक्टोबर

टकरसाहेबांना राजीनामा दिला. बाईंना चिठ्ठी — 'उद्या समोर बघ.'

२५ ऑक्टोबर

सगळ्यात वरच्या बाल्कनीत बसलो. तिसऱ्या अंकात बाई विसरल्या — खरोखरच! माझे ओठ हलले. इतक्या लांबून कुठलं ऐकू जाणार? ती खाली बघेल म्हणून मी डोळे मिटले.

उघडले, तर ती समोरच बघत होती. तिचा शब्द तिलाच सापडला.