चौथा थर

५ फेब्रुवारी
आले बाई एकदाची झरीला! परभणीपासून एसटीत उभी होते, पाय आखडले, तरी खुशीत आहे. प्रयोगशाळेच्या सरांनी पहिल्यांदाच मला एकटीला पाठवलंय.

तानुबाई वीस वर्षांपासून ठार आंधळ्या. मागच्या वर्षी त्यांच्या मेंदूत, जिथं दिसण्याचं काम चालतं तिथं, केसाएवढी तार बसवली. चष्म्यातला कॅमेरा जे टिपतो ते ती मेंदूला पोचवते, आणि तिथं काय हालचाल चाललीय ते माझ्या लॅपटॉपवर दाखवते. दीड महिना यांच्याच घरी राहून नोंदी घ्यायच्या. सून वैष्णवी लय गोड आहे. तिनं भाकरी नि शेंगदाण्याची चटणी वाढली, मी लाज सोडून तीन भाकरी हाणल्या.

७ फेब्रुवारी
वैष्णवीला माझं काम समजावलं. मेंदूच्या त्या भागात सहा थर असतात. खरंखुरं समोर आहे ते आधी मधल्या, म्हणजे चौथ्या थरात उमटतं. नुसतं आठवलेलं, मनात आणलेलं वरच्या नि खालच्या थरांत हलतं. चौथा गप्प राहतो. आलेख बघितला की माणूस समोर आहे की मनात, ते कळतं. तिनं विचारलं, सासूबाई रुसल्याचं सोंग करतात तेही कळंल का? आम्ही पोट धरून हसलो.

९ फेब्रुवारी
चष्मा काढून कल्पनेच्या नोंदी. सरांची ताकीद होती, वस्तूच मनात आणायला सांगायची, घरातलं माणूस कधीच नाही. पण तानुबाई घागरीला कंटाळल्या. म्हणाल्या, घागर काय बघू गं माय, तुलाच बघते की! चष्म्यातून मी म्हणजे त्यांना नुसते उजेडाचे ठिपके. त्यांनी दोन्ही हातांनी माझं तोंड चाचपलं, वेणी मोजली, आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीवर मनातल्या मनात मला बसवलं. वरच्या नि खालच्या थरांचा आलेख असा नाचला म्हणता! एवढी सुंदर नोंद आजवर मिळाली नव्हती. सरांना ‘घागर’ असंच लिहून पाठवलं.

१२ फेब्रुवारी
रोज तेच चाललंय. तानुबाईंनी आता हट्ट धरला, खुर्चीवरच्या पोरीला चहा द्या म्हणून. आलेल्या माणसाला कोरडं बसवायचं नसतं आमच्यात, म्हणाल्या. वैष्णवी रोज तिथं एक कप ठेवते. मीच म्हणाले, ठेव गं, नोंदी चांगल्या यायल्यात.

१६ फेब्रुवारी
चष्मा खोक्यात बंद होता. मी मागं खिडकीशी. खुर्ची रिकामी. आणि चौथा थर उसळला.

जोडण्या तपासल्या, लॅपटॉप बंद करून चालू केला. तेच. कप उचलायला गेले तर रिकामा. मांजर प्यालं असेल, असं म्हणून कप विसळून ठेवला. या घरात मांजर नाही.

१७ फेब्रुवारी
सरांना फोन करून खरं सांगितलं. लय बोलले. म्हणाले, आजच बंद कर आणि निघून ये.

तानुबाईंना म्हटलं, आता तिला मनात आणू नका, तर ऐकेनात. मी कल्पना करतच न्हाई, ती आपली येऊन बसायली, म्हणाल्या. शहाणी हाय, तुझ्यावाणी बडबड करत न्हाई. वैष्णवीही खुर्चीकडं बघून मान डोलवत होती. मला भीती वाटायलीय. खरंच वाटायलीय.

१८ फेब्रुवारी
निघण्याआधी एकदा खात्री करावी म्हणून तानुबाईंना चष्मा घालायला लावला आणि स्वतः समोर उभी राहिले. चौथा थर सपाट. कॅमेऱ्यासमोर हात हलवला तरी सपाट. हालचाल फक्त वर आणि खाली.

म्हणजे त्यांच्यासमोर मी नाही. मी त्यांना फक्त आठवतेय—

जेवायला एकच ताट पाहुण्याचं. खुर्चीपुढं. मी वैष्णवीला दोनदा हाक मारली. तिनं इकडंतिकडं बघितलं, मग खुर्चीकडं वळून विचारलं, ताई, काही म्हणालात का?

१९ फेब्रुवारी
पळून स्टँडवर गेले, उभ्या एसटीत बसले. कंडक्टरनं तिकीट दिलं नाही, माझ्याकडं बघितलंच नाही. एक बाई सरळ माझ्या मांडीवर बसली. तिला काही जाणवलं नाही. मलाही नाही.

आईला फोन. ती नुसतं हॅलो, हॅलो म्हणत राहिली आणि— ठेवला.

परत आले. कुठं जाणार? घरातून माझंच हसणं ऐकू येत होतं.

२० फेब्रुवारी, दुपार
एकच जागा उरलीय, तानुबाईंचं मन. तानुबाई मधेच म्हणतात, ती बडबडी पोरगी कुठं गेली गं? तेवढं म्हटलं की आलेख हलतो आणि माझा हात मला नीट दिसतो. पेन धरता येतो. तेवढ्यातच लिहून घेतेय—

खुर्चीवरच्या तिला कळलंय. तेलाची वाटी घेऊन आली. तानुबाईंचं डोकं दाबायलीय, हळूहळू. म्हणते, आजी, आता कुणाचा विचार करू नका, निवांत झोपा.

आजी, झोपू नका! मी रोहिणी! मी— बडबडी—

वरचा थर सपाट.

खालचा अजून थोडा, अजून हलतोय, आजी, माझं नाव घ्या, एकदाच, रो—