दम्याचा पुरावा

ती. मामांना,

साष्टांग नमस्कार. तुमच्या गुडघ्याने आता दुकानाच्या पायऱ्या मान्य केल्या असतील असं धरून चालतो. मामींना सांगा, मी वेळेवर जेवतो. इकडे मी सोडून सगळे ठीक आहेत, आणि मी ठीक नाही हे सिद्ध करण्यासाठीच हे पत्र.

मागच्या थंडीत दम्याने चार दिवस दवाखान्यात पडलो आणि आईला बांगड्या मोडाव्या लागल्या. तेव्हाच ठरवलं, आरोग्य विमा काढायचा. (कॉलेज सोडायचंही असंच तडकाफडकी ठरवलं होतं, पण ते वेगळं.) विमा कार्यालयात तीन नंबरच्या टेबलावरच्या बाई अर्ज भरून घेतात. बाई कसल्या, माझ्याच वयाच्या आहेत. ‘आधीपासूनचे आजार’ या रकान्यापर्यंत येईतो मी त्यांच्यावर पुरता भाळलो होतो, त्यामुळे खोटं बोलवेना. सहाव्या वर्षापासून दमा, रोज दोनदा पंप, सगळं सांगून टाकलं. शेजारच्या टेबलावरचा एक दीडशहाणा हसला. त्याची कॉलर धरायला उठलो तर धाप लागली. (तीही त्यांनी अर्जात नोंदवली.)

असा अर्ज आला की त्यांच्यातलं कुणीतरी घरी येऊन खात्री करतं. मंगळवारी त्याच आल्या. मी वर्कशॉपमध्ये खुर्च्यांना पॉलिश मारत होतो. आईने दार उघडलं तर नीटनेटकी मुलगी, हातात फाइल, आणि पहिलाच प्रश्न, तुमच्या मुलाची तब्येत कशी असते? आईने जो अर्थ काढायचा तो काढला. टेबलावरचा माझा पंप उचलून साखरेच्या डब्यात लपवला आणि म्हणाली, ‘धडधाकट आहे गं बाई, आजवर साधी शिंक नाही.’ कॉलेज मी अतिहुशारीमुळे सोडलं, हेही सांगितलं. मग डबा उघडायची पंचाईत, म्हणून पाहुणीला बिनसाखरेचा चहा. (आमच्या घरी प्रकृतीला फार जपतात, असं वर कारण.) शेवटी पुढे आलेल्या कागदावर न वाचता सही.

अर्ज परत आला. मुलगा म्हणतो आजारी, आई म्हणते ठणठणीत, तरी शनिवारपर्यंत जुन्या आजाराचा पुरावा आणा. कागद शोधायला गेलो तर स्थळाच्या नजरेला पडू नयेत म्हणून आईने त्याच संध्याकाळी फाडून टाकलेले. दवाखान्यातून नक्कल मिळेल ती त्या चार दिवसांची. सहाव्या वर्षापासूनचं कोण सांगणार?

आपला भाचा

ता. क. माझी औषधं पहिल्यापासून तुमच्याच दुकानातून येतात. जुन्या वह्यांतून माझ्या नावाच्या नोंदी काढून, शिक्का मारून शुक्रवारच्या आत स्वतः घेऊन या. आणि ती मुलगी विम्यासाठी आली होती, स्थळ म्हणून नव्हे, हे आईला नीट समजावा. माझं ऐकत नाही.

ता. क. दोन. आत्ताच कार्यालयातून आलो. दमा विम्यात धरतात तो तीन वर्षांनी, तोवर दरवर्षी नूतनीकरणाला तीन नंबरच्या टेबलावर जावं लागेल. मी तयार आहे म्हणालो. निघताना त्या म्हणाल्या, ‘आईंना सांगा, मला चहात साखर लागते.’ तेव्हा वह्या तेवढ्या आणा. आईला काही समजावू नका.