चाकांवरच्या घरात ह्यांचा हट्ट

११ ऑगस्ट १९८६

निघालो एकदाचे! विनयचं सांता क्लारा सोडून उत्तरेकडे. लेकानं भाड्यानं आणलेली गाडी म्हणजे अख्खा संसार – शेगडी, फ्रिज, पलंग, संडाससुद्धा! मी हरखून गेले. हे खिडकीकडे तोंड करून बसलेले. सूनबाई म्हणाली, "बाबा, एन्जॉय करा की!" तर म्हणे, "करतोय."

१३ ऑगस्ट

संडासाची टाकी गाडीच्या पोटात. भरली की जाड नळी जोडून मुक्कामाच्या कॅम्पच्या गटारात सोडायची. विनय हातमोजे घालून ते करत होता आणि हे? नाकाला रुमाल लावून पार झाडांपाशी! इंजिनिअर मुलगा ते करतो, ह्यांना बघवतही नाही!

१५ ऑगस्ट

खरं भांडण वेगळंच. विनय-सीमा म्हणतात, कायमचे इथंच अमेरिकेत राहा. माझ्याही मनात तेच – साताऱ्यात आता आपलं असं कोण उरलंय? परतीची तिकिटं दोन सप्टेंबरची. सीमा म्हणते, "आई, नुसतं सांगा, लगेच कॅन्सल करते." हे एकच धरून बसलेत – जायचं. का, तर "मला इथलं मानवत नाही." दोन वेळा पोटभर जेवतात, मानवत कसं नाही?

चिडून म्हटलं, "मग जा एकटे. मी राहते!"

म्हणाले, "राहा."

सेहेचाळीस वर्षांच्या संसाराला एक शब्द!

१६ ऑगस्ट

बोलले नाही ह्यांच्याशी. त्यांना कळलं तरी का, देव जाणे.

१८ ऑगस्ट

पोहे गार झाले, गाडी निघायची वेळ झाली, हे गायब! रोज पहाटे फिरायला जायचं नवंच खूळ. विनय वैतागला, "बाबा, यार, निदान सांगून तरी जा!" बापाला यार!

१९ ऑगस्ट

विनयची पाठ धरली. मीच हातमोजे चढवले. "आई, ठेव ते खाली!" ओरडला.

"तुझी दुपटी कोणी धुतली रे? आता पडून राहा गुपचूप."

काय तो वास! पण केलं सगळं. पाट्या वाचून वाचून – इंग्रजी मला कोणी शिकवलं नाही, पण अडत नाही माझं. हे लांबून बघत होते. चेहरा एवढासा. वाटू दे लाज!

संध्याकाळी सीमाला सांगून टाकलं – माझं तिकीट कॅन्सल कर. म्हणाली, मोठं गाव लागलं की फोन करते.

२२ ऑगस्ट. मोंटाना

आज पहाटे ह्यांच्या मागोमाग गेले. कडाक्याची थंडी, दाट धुकं. कानटोपी घालून, चाचपडत चाललेले – कॅम्पच्या सार्वजनिक संडासाकडे! गाडीतला एकदाही वापरलेला नाही. बारा दिवसांत एकदाही नाही!

"अहो, पाय घसरला असता म्हणजे?"

ह्यांनी कानटोपी आणखी खाली ओढली. मग म्हणाले, "विनयला सांगू नकोस. आज नळी धरतोय. उद्या मी अंथरुणाला खिळलो की? त्याला करायला लावायचं नाही मला ते. तू राहा. तुझं त्याला जड होणार नाही."

हात धरून आणलं. 

२३ ऑगस्ट

दुपारी गाव लागलं. सीमा पर्स घेऊन उतरली. "आई, करू ना फोन?"

म्हटलं, "नको गं. दोन्ही तिकिटं राहू देत."